सासूबाई तिकीट शोधतात

विमानाची तिकिटं शोधायचं पान आखणं हे सुनेचं काम. कंपनीतल्या चौघांनी सहा महिने खपून एक नवं पान केलं होतं. दुसऱ्या दोन साइट्सच्या मानानं ते किती सोपं पडतं, हे कुणा नवख्या माणसाला बसवून बघायचं होतं. नवखं माणूस घरातच होतं. सासूबाईंनी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण विमानाचं तिकीट कधी स्वतः काढलं नव्हतं. शिवाय धाकट्या बहिणीकडे जायचं त्यांच्या मनात होतंच.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला. तीन साइट्स उघडलेल्या. त्यातली आपली कुठली, ते सुनेनं मुद्दाम सांगितलं नाही.

"मी शेजारी बसेन आई, पण एक अक्षर बोलणार नाही."

"तू? बघू किती वेळ टिकतेस!"

पहिल्या साइटवर लाल अक्षरं लुकलुकली: हे विमान आत्ता सतरा जण बघत आहेत. "बघू देत की," सासूबाई म्हणाल्या. "कापड चिवडणारी सगळीच गिऱ्हाइकं कुठे घेतात?"

दुसरीनं सगळ्यात स्वस्त तिकीट वर दाखवलं, मधे अकरा तासांचा थांबा. "एवढ्यात माझा एक कोट शिवून होईल," असं म्हणत त्यांनी शोधून शोधून थेट जाणारं विमान काढलं.

तिसऱ्या पानावर मात्र गाडी अडली. गावं भरली, तारीख भरली, पुढे काय ते कळेना. त्यांनी वरच्या चित्रावर टिचकी मारली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. तीनदा. सुनेनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. शेवटी ‘शोधा’ लिहिलेलं बटण सासूबाईंना एकदाचं दिसलं.

"शोधा म्हणे! आधी ते बटणच शोधा. पांढऱ्यावर पांढरं! कुणी लावलंय हे?"

मुलगा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "आई, हिनंच."

सासूबाईंनी चष्मा काढला. "अगं बाई! आधी सांगायचंस ना. जरा गोड बोलले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"तसं काम सुबक आहे हं. रंगही…"

"रंग राहू दे आई," मुलगा म्हणाला.

सासूबाई ओशाळल्या खऱ्या, पण तिकीट त्यांनी दुसऱ्या साइटवरूनच काढलं. सुनेचा चेहरा एवढासा झाला. बटण फिकंच हवं म्हणून ऑफिसात बाकीच्या तिघांशी महिनाभर एकटीच भांडली होती ती. सोमवारी तिनं त्यांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. तिघंही पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत बटण गडद निळं झालं.

सासूबाई बहिणीकडे पोचल्या, चांगल्या रमल्या. पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. सून बराच वेळ नुसती हं हं करत होती.

"काय म्हणते आई?" नवऱ्यानं विचारलं.

"परतीचं तिकीट आमच्या पानावरून काढलं म्हणे. कुणाला न विचारता."

"वा! मग एवढा वेळ काय बोलत होती?"

"तारखेचे आकडे बारीक आहेत, मागे जायचा बाण भलतीकडे आहे, आणि मावशींनाही काही सांगायचं होतं," सून कागद ओढून घेत म्हणाली. "थांब, विसरायच्या आत लिहून घेते."