मिठावरच्या हलक्या सरी

फाल्गुन अजून सरला नव्हता, आणि वैशाखाचं ऊन येऊन उभं राहिलं होतं. खाडीकाठच्या मिठागरांवर आभाळ तापलेल्या काशाच्या ताटासारखं लखलखत होतं. पांगाऱ्याची रक्तिम फुलं उमलता उमलता मलूल होत होती. आणि त्या अवेळीच्या दाहात, उथळ वाफ्यांच्या नीलमंद जळात, मीठ जन्मत होतं. कणाकणानं, हिमधवल, काचकोमल.

सुवर्णा घाटावरची. लग्न होऊन खाडीकाठी आली त्याला वर्षही झालं नव्हतं. नवरा बोटीवर नोकरीला. घरात ती आणि सासू, मथुराबाई. दिवाळीपासून दोघींनी भरतीचं पाणी वाफ्यांत कोंडलं होतं, आटवलं होतं, डोळ्यांत तेल घालून राखलं होतं. आता कुठे हंगामाचं पहिलं मीठ धरलं होतं.

त्या सकाळी रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगितला. किनारपट्टीवर तापमान सरासरीहून अधिक. दुपारनंतर तुरळक ठिकाणी हलक्या सरी. साऱ्या आगरानं तो हसण्यावारी नेला. निरभ्र आकाश, कोरडा वारा; सरी येणार कुठून? सुवर्णानं मात्र भीत भीत सासूच्या कानावर घातलं. हलक्या सरी: रानाला अमृत, मिठाला मरण.

मथुराबाईनं पश्चिमेकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. सुनेचा शब्द प्रमाण मानून तिनं फावडं उचललं. पण स्वतःच्या वाफ्यांपाशी ती थांबली नाही. बांध ओलांडून शेजारच्या जोमाकाकांच्या वाफ्यांत उतरली. जोमाकाका, एकटा जीव, कमरेच्या दुखण्यानं आठवडाभर अंथरुणाला खिळलेले.

सुवर्णा बांधावरच थांबली. आधी आपलं मीठ ओढायला नको का, असं तिनं हलकेच विचारलं.

"आपलं विरघळलं तर आपण दोघी आहोत, पुन्हा धरू," मथुराबाई म्हणाली. "जोमाला कोण आहे?"

मग सुवर्णाही उतरली. ऊन चढलं, फावडी चालली. ऊन माथ्यावर आलं, फावडी चालली. तळव्यांच्या भेगांत खारं पाणी झोंबलं, पापण्यांवर घाम पांढरा होऊन वाळला, तरी त्या साठीच्या, सागवर्णी, सडपातळ बाईचे हात लाटेच्या लयीत पुढे जात होते, मागे येत होते. जोमाकाकांच्या मिठाची रास बांधावर चढली, गवतानं शाकारली. मग दोघी आपल्या चार वाफ्यांकडे वळल्या.

दोन वाफे ओढून झाले, आणि पश्चिम काजळली.

सर आली ती किती हळुवार! मोरपिसाचा स्पर्श जणू. तापल्या मातीतून सुगंधाचं धूसर वस्त्र वर उठलं. आगरभर माणसं धावत सुटली. आणि उरलेल्या दोन वाफ्यांत पांढरं मीठ पाहता पाहता पाणी झालं.

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सासूकडे पाहताच ते वेगळ्याच कारणानं वाहू लागलं. अशा बाईच्या घरात आपण नांदायला आलो, या एका जाणिवेनं ऊर भरून आला. ती पुढे झाली, आणि तिनं मथुराबाईच्या हातातलं फावडं अलगद आपल्या हाती घेतलं.

सर ओसरली. ढगाच्या कडेतून तिरपं, केशरी ऊन पाण्यावर उतरलं. लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचून मथुराबाई वाफ्यात उभी होती. कपाळावरून ओघळणारे थेंब ओठांशी येत होते, खारट होत होते, आणि हनुवटीवरून एकेक करून, सावकाश, पाण्यात पडत होते.