मंगळवारचा शिवणवर्ग

"ह्या मशीनला दोराच न्हाय," गुलाबबाई म्हणाल्या.

चांगुणाताईंच्या हातातली चटई अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली. नळदुर्गच्या त्या भाड्याच्या खोलीवर 'शिवणवर्ग, दर मंगळवारी' अशी पाटी लागून दोन महिने होऊन गेले होते, पण मशीनकडे वाकून बघणारं माणूस हे पहिलंच. बाकीच्या बाया मघाशीच घरी गेल्या होत्या. आवराआवरीला मागे राहिली होती ती गुलाबबाईंची सून श्रावस्ती, आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

"दोरा आजच संपला बघा, मावशी."

"अन् सुईला गंज बी आजच चढला?" गुलाबबाईंनी काखेतलं ब्लाऊजपीस टेबलावर ठेवलं. आयुष्यभर लोकांच्या वाकळा शिवलेली बाई, तिला सुईबद्दल थापा मारून चालणार नव्हतं. "सून दर मंगळवारी येतीया, घरी एक टाका दावंना. म्हनलं, आज माझं पोलकं हितंच शिवून घ्यावं. मी बसते."

आता आली का पंचाईत! खरं सांगायचं तर चांगुणाताईंना साधं बटण लावता येत नव्हतं. पंधरा वर्षं आरोग्य खात्याच्या आशा सेविका म्हणून त्यांनी गावोगावची बाळंतपणं सांभाळली, मग धाराशिवला शिकून समुपदेशनाचं काम हाती घेतलं. ज्यांच्यावर बलात्कार झाला, अत्याचार झाला, अशा बाया त्यांच्याकडे येत. पण 'मनाच्या उपचाराला जाते' असं घरी सांगून कोण बाहेर पडणार? म्हणून शिवणवर्ग. आत बोलणं चालू असताना एकीनं मशीनचं पायडल मारत राहायचं, म्हणजे शेजारी आवाज जात नाही. या युक्तीचा चांगुणाताईंना भारी अभिमान. धाराशिवच्या समुपदेशकांच्या बैठकीत त्यांनी ती दोनदा सांगितली होती. दोरा ओवायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

बारा मंगळवारांचा उपचार होता. प्रत्येक बाई मनात जो दोष स्वतःवर घेऊन बसलेली असे, तो ती बोलून दाखवी. मग बाकीच्या तिला तीनच प्रश्न विचारत. तुला आधी ठाऊक होतं का? ते व्हावं असं तुझ्या मनात होतं का? मग केलं कुणी? लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनाही हे प्रश्न तोंडपाठ झाले होते. श्रावस्तीही सगळी उत्तरं बरोबर द्यायची आणि शेवटी म्हणायची, "तरी पण, ताई. मी त्या दिवशी घरी राहायला पाहिजे होतं." नऊ मंगळवार झाले, ते 'तरी पण' काही हलत नव्हतं. चांगुणाताईंना त्या दोन शब्दांचा आता धसकाच बसला होता.

तीन मंगळवार उरले होते. आज सासूनं हिला घरी बसवलं, तर पोर कायमची अर्ध्यात अडकणार. चांगुणाताईंनी दुसरी थाप तयार केली, तोंडही उघडलं.

"ताई, ऱ्हाऊ द्या," श्रावस्ती म्हणाली. तिनं चटई पुन्हा पसरली. "आत्या, बसा. हितं शिवण न्हाय. मी माझ्यापुरतं सांगते. दुसऱ्या बायांचं मला इचारायचं न्हाय."

आणि तिनं सांगितलं. हायवेवरच्या ढाब्यावर ती भाकरी करायला जायची, ते दिवस. जानेवारीतली ती दुपार. पीठ आणायला मागच्या खोलीत गेली, तेव्हा मालकाच्या मेव्हण्यानं आतून लावलेली कडी. ती रडली नाही. मधेच थांबली, पाणी प्यायली आणि उरलेलं सांगून टाकलं.

गुलाबबाईंनी ब्लाऊजपीसाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"त्या दिशी तुझं अंग तापलं व्हतं. तू म्हनलीस, आत्या, आज जात न्हाय. म्याच बळंच धाडलं तुला. म्याच!" त्यांनी कपाळ बडवायला हात उचलले.

चांगुणाताई पुढे झाल्या, पण श्रावस्तीनं त्यांच्या आधी सासूची मनगटं धरली.

"आत्या, तिथं काय व्हनार, तुमाला ठाव व्हतं का?"

"न्हाय गं माय."

"माझं वाईट व्हावं म्हनून धाडलं का?"

"जीभ झडंल माझी असं म्हनले तर!"

"मग केलं कुणी?"

"त्यानं. त्या मुडद्यानं." गुलाबबाई हुंदका देत म्हणाल्या, "तरी पण, पोरी, म्या धाडलं नसतं तर..."

"तरी पण न्हाय, आत्या. केलं त्यानं."

ती बोलली आणि तिथंच थबकली. सासूची मनगटं हातातच होती. मग तेच वाक्य तिनं पुन्हा म्हटलं, हळू, स्वतःशी. "केलं त्यानं."

नऊ मंगळवार घसा कोरडा करून चांगुणाताईंना जे जमलं नव्हतं ते समोर घडत होतं, आणि त्यात तोंड घालायचं नाही एवढी अक्कल त्यांना होती. डोळे मात्र भरून आले. त्यांनी ते पदरानं खुशाल पुसले.

"बुद्धघोषला ठाव हाय?" गुलाबबाईंनी मुलाचं विचारलं.

"न्हाय. त्येला कवा सांगायचं, पोलिसांत जायचं का न्हाय, ते मी ठरवीन. तुमी कुणाला बोलायचं न्हाय."

"बरं," गुलाबबाई म्हणाल्या. सासूनं सुनेला इतकं सरळ 'बरं' म्हटलेलं चांगुणाताईंनी क्वचितच ऐकलं होतं.

उठता उठता म्हातारीनं मशीनकडे एक नापसंतीची नजर टाकली. "पुढल्या मंगळवारी रीळ अन् सुया मी घिऊन येते. माझ्यावानी दुसरी कुणी आली तर फसाल."

"या, मावशी," चांगुणाताई ओशाळून हसल्या.

दोघी निघाल्या. पलीकडच्या वस्तीत जायला हायवे ओलांडावा लागतो, आणि हैदराबादकडचे ट्रक तिथं कुणासाठी वेग कमी करत नाहीत. चांगुणाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. गुलाबबाईंना रडून रडून धड दिसत नव्हतं, त्या कडेलाच घुटमळत होत्या. श्रावस्तीनं त्यांचा हात धरला, दुसरा हात समोर येणाऱ्या ट्रकला दाखवला आणि रस्त्यात उतरली. ट्रकनं जोरात हॉर्न वाजवला. तिनं हात खाली घेतला नाही. ट्रक थांबला, आणि म्हातारीच्या चालीनं, अजिबात घाई न करता, ती तिला पलीकडे घेऊन गेली.