लिओच्या गाडीचा ॲक्सल

"बर्निस, टॉर्च आण. आणि त्या साहेबांना जरा मागं सरायला सांग, माझा उजेड अडतोय."

काझ गाडीखालून ओरडत होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पण कुणी जुनी गाडी आणली की हा आडवा झालाच. मी काउंटर सोडून टॉर्च घेऊन गेले. हॅमट्रॅमॅक गावातल्या या भंगार यार्डात सव्वीस वर्षं काढल्यावर माणूस कशाचीच घाई करत नाही.

काझ डोंबेक एकतीस वर्षं ॲक्सलच्या कारखान्यात होता. मागच्या दोन चाकांमधली गियरची लोखंडी पेटी आणि तिच्या दोन बाजूंच्या नळ्या, एवढंच त्याचं जग. नळीवर तारखेची अक्षरं ठोकायची, हे त्याचं काम. कारखाना बंद पडला, पण त्या काळातल्या दांडग्या गाड्यांना सोन्याचा भाव आला आणि दर शनिवारी लोक आपला ॲक्सल अस्सल आहे का, हे विचारायला याच्याकडे यायला लागले. डॉक्टरकडेही एवढी रांग नसते. बहुतेकांची चूक एकच. मागच्या झाकणाचे बोल्ट मोजायचे आणि बारा भरले की नाचायचं! अरे बाबांनो, ट्रकच्या ॲक्सललाही बाराच बोल्ट असतात. फक्त त्याचे खालचे बोल्ट पेटीच्या पायाला अगदी चिकटून असतात, गाडीच्या ॲक्सलचे जरा लांब. हे मला काझनंच शिकवलं, तेही वैतागून.

आजची गाडी लिओ रिबिकीची होती. लिओ म्हणजे काझचा लाईनवरचा जोडीदार, वेल्डर. मार्चमध्ये गेला. सत्तर साली त्यानं ही गाडी कोरी घेतली आणि चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला चाळीस वर्षं तेच ऐकवलं, "हिचा ॲक्सल मी जोडला आणि काझनं ठोकला." त्याची बायको डोलोरेस आज त्याचंच जाकीट घालून उभी होती. शेजारी ती गाडी विकत घ्यायला ग्रँड रॅपिड्सहून आलेला फेल्डहाउस.

"ॲक्सल मूळचा असेल तर गाडी आहे तशी माझ्या शेडमध्ये राहील," तो मघाशीच म्हणाला होता. "नसेल, तर मी इंजिन काढून घेईन. बाकीचा पत्रा इथंच टाका. मिस्टर डोंबेक सांगतील ते मला मान्य."

डोलोरेसनं यार्डातल्या दबलेल्या गाड्यांच्या थप्पीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

गाडीखाली तारेचा ब्रश खरखरत होता. तो थांबला. मी वाकून टॉर्च धरला. खालचे बोल्ट पायाला चिकटलेले. ट्रकचा! नळीवर अक्षरं होती, पण सगळी एका ओळीत, शहाण्यासारखी. काझचं शेवटचं अक्षर नेहमी खाली घसरायचं. तो या गाडीला बसावा म्हणून स्प्रिंगच्या बैठकाही नंतर वेल्ड केलेल्या होत्या. त्या वेल्डवरून काझ बोट फिरवत होता.

"लिओचं काम आहे," तो पुटपुटला. "असं वेल्ड आमच्या लाईनवर दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." मग मेलेल्या मित्राला म्हणाला, "शर्यतीत मोडलास होय रे पहिला ॲक्सल, आणि हा ट्रकचा बसवलास? मला तरी सांगायचंस की, गाढवा."

"काझ, बोल ना रे," वरून डोलोरेसचा आवाज आला. "लिओ म्हणायचा तसंच आहे ना?"

त्याला बाहेर येऊन उभं राहायला बराच वेळ लागला. मी हात दिला, तो त्यानं घेतला नाही.

"मग?" फेल्डहाउसनं विचारलं. "तुमच्याच हातचा?"

"माझ्याच," काझ म्हणाला.

फेल्डहाउसनं तसं लिहिलेला कागद पुढं केला. काझनं सही केली. डोलोरेस त्याच्या गळ्यात पडून रडली आणि गाडी ट्रेलरवर चढली, अख्खी.

सगळे गेल्यावर काझ मागच्या नळाखाली हात धूत राहिला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्याकडे बघून गलबलतही होतं.

"खोटं बोललास," मी म्हटलं.

"हो."

"त्या माणसाला कधी कळायचं नाही."

"मला कळलंय ना, बर्निस."

पुढच्या शनिवारी तो नेहमीच्या वेळी आला, कॉफी घेतली, आपल्या खोक्यावर बसला. दुपारी फ्लिंटचे दोघे भाऊ पिकअपमधून एक ॲक्सल घेऊन आले.

"काझ डोंबेक तुम्हीच ना? जरा बघून सांगता?"

"मी आता सांगत नाही," काझ म्हणाला. "तिला विचारा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो जागचा हलला नाही. शेवटी मीच काउंटरमागून बाहेर आले, चिखलात गुडघे टेकले, बोल्ट पाहिले, ब्रशनं नळी घासली. शेवटचं अक्षर खाली घसरलेलं होतं. मी मान वर करून काझकडे पाहिलं. त्यालाही ते दिसलं होतं.

"गाडीचाच आहे," मी म्हणाले. "एकोणसत्तरचा. अस्सल."

भावांचा विश्वास बसेना. थोरल्यानं माझ्या डोक्यावरून काझला विचारलं, "खरं का हो?"

काझ उठून उभा राहिला होता, हात पाठीशी बांधून, त्या दोघांच्याही मागं, गिऱ्हाइकासारखा.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "ती सांगतेय ना."