वाटीखालची गोळी

मित्रांनो, मी पिस्तुलाची एक न झाडलेली गोळी आहे. जुन्या वस्तूंना वापराविना पडून राहिल्याचं दुःख असतं. मला ते नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. अंग पितळी, नाक तांब्याचं, नाकाला खळगा. ह्यूस्टनच्या दुकानात मीका आला. हल्ल्यांच्या भीतीने सिनेगॉगला, यहुदी प्रार्थनागृहाला, जाताना कमरेला लावायचं पिस्तूल त्याने घेतलंच होतं. आता त्यात काय भरायचं, ते तो तांदूळ निवडावेत तसा तासभर निवडत होता. दुकानदार म्हणाला, गोल नाकाच्या स्वस्त आहेत, पण माणसातून आरपार जाऊन भिंतही भेदतात. खळगेवाल्या शरीरात शिरून फुलतात आणि बहुधा तिथेच थांबतात. घरी भिंतीपलीकडे मीकाची सहा वर्षांची मुलगी याएल झोपायची. त्याने आम्हाला घेतलं. इतक्या मायेने कुणी निवडलं की बरं वाटतंच, खोटं का बोला.

नेमबाजीच्या सरावाच्या दिवशी मी चुकून कोटाच्या खिशात राहिले आणि सुट्टीत कोटासकट बॅगेतून त्याच्या आईवडिलांकडे, लंडनमधल्या इल्फर्डला आले. विमानतळावर याएलची पाण्याची बाटली जप्त झाली. मी सुखरूप उतरले.

शुक्रवारी संध्याकाळी एलिशेबा आजीने कोट झटकला आणि मी टेबलावर पडले. इझिकेल आजोबांनी दार लावून घेतलं. इथे इंग्लंडात परवान्याशिवाय मी एकटी सापडले तरी गुन्हा; मीकाची नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. मीका म्हणाला, रविवारी नदीत टाकतो. तेवढ्यात शब्बाथचे, शनिवार संध्याकाळपर्यंतच्या पवित्र विसाव्याचे, दिवे लावायची वेळ झाली. आता असल्या वस्तूला हात लावायचा नाही, फोनला तर नाहीच. आजीने माझ्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि याएलला सांगितलं, खाली कोळी आहे.

शनिवारी दुपारी याएलने वाटीशेजारी चपातीचा तुकडा ठेवला.

"कोळी, तुला भूक लागला?" तिने आपल्या अमेरिकी मराठीत विचारलं.

तिची बोटं वाटीच्या कडेखाली गेली. मीकाने तिला मागे ओढलं.

आजोबांनी विचारलं, "हीच का निवडलीस?"

"भिंतीपलीकडे याएल झोपते, पप्पा."

"आणि अलीकडे कोण उभा असणार, ते विचारलंस दुकानात?"

"तो मारायलाच आला असेल तर?"

आजोबा म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. पण नदीकाठी कुणाची तरी पोरं खेळतात, एवढं ठाऊक आहे."

पंचेचाळीस वर्षांत शब्बाथला फोनकडे न पाहिलेले आजोबा उठले आणि फोन घेऊन आले.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडतात. लाव. पोरीसमोर लाव."

मीकाने पोलिसांना आपलं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. त्यांनी बजावलं, आम्ही येईपर्यंत हात लावू नका. शब्बाथचाही नियम तोच होता.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका, वापरा. मला वापरू नका. आणि प्रेमापोटी मला घरी आणावंसं वाटलंच, तर मी कुणाच्या हाती लागेन, ते आधी विचारा.

बेल वाजली. याएलने विचारलं, "ते कोळीला नेणार?"

"हो," मीका कोट चढवत म्हणाला. "बहुतेक मलाही."