वाघाचं तोंड

पिंपरी पेंढारच्या एका मळ्यातल्या गणेश मंडळानं दोन हजार तीन सालच्या गणपतीत पोरांसाठी बालमेळावा ठेवला, तेव्हा तोंडं रंगवायचं काम कुशाबाईनं आपण होऊन मागून घेतलं. कुशाबाई म्हणजे मळ्यातल्या अंगणवाडीची बाई. अंगणवाडीच्या भिंतीवरचे पोपट, पेरू, दप्तर घेतलेली मुलगी हे सगळं तिच्याच हातचं. शहरात असल्या मेळाव्यांत पोरांच्या गालांवर फुलपाखरं काढतात हे तिनं टीव्हीवर पाहिलं होतं. आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय, असं तिला वाटलं.

शाळेतल्या वॉटरकलरनं कातडी खाजते, हे तिनं आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहिलं. मग रंग घरीच केले. कोल्ड क्रीममध्ये पावडर कालवून पांढरा, अष्टगंधाचा भगवा, कुंकवाचा लाल, काजळाचा काळा. हळद मात्र घेतली नाही. ती चार दिवस जायची नाही आणि पोरांच्या आया तिच्या नावानं खडे फोडतील.

आदल्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष कुंडलिक अंगणवाडीत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, ससा काढा, मोर काढा, माकड काढा. फकस्त वाघ नको."

कुशाबाईनं मान डोलावली. कारण विचारायची गरज नव्हती. वाघ म्हणजे बिबट्या, पण मळ्यात त्याला कुणी बिबट्या म्हणत नाही. वर्षभरात त्यानं तीन कुत्री आणि एक कालवड नेली होती. आणि गेल्या दिवाळीच्या आधी हर्षालीला धरलं होतं.

हर्षाली तेव्हा आठ वर्षांची होती. दिवेलागणीला उसाच्या कडेला बांधलेली शेळी सोडायला गेली आणि वाघानं तिचा गालच धरला. मागून तिची आजी साळुबाई पाण्याची कळशी घेऊन येत होती. म्हातारीनं ती भरली कळशी त्याच्या टाळक्यात घातली. तो सोडीपर्यंत घालतच राहिली. पोर वाचली. पुण्याच्या दवाखान्यात दीड महिना राहून घरी आली, तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत जाड, चकचकीत व्रण राहिलेला होता. त्यानंतर तिला नावानं हाक मारायचंच लोक विसरले. 'वाघानं धरलेली' एवढंच तिचं नाव उरलं. आया आपल्या पोरांना तिच्याजवळ बसू देईनात. लहानगी दचकत्यात, म्हणायच्या. हर्षालीही ओढणीनं गाल झाकूनच हिंडायची.

मेळाव्याच्या दुपारी देवळापुढच्या मांडवात रांग लागली. कुशाबाई स्टुलावर बसून एकेक तोंड रंगवत होती. कुणाला मोर, कुणाला ससा. एका पोरानं मारुती मागितला, तोही तिनं काढला. रांग सरत आली तेव्हा साळुबाई नातीला घेऊन आली.

"काय काढू गं?" कुशाबाईनं विचारलं.

"वाघ."

कुशाबाईचा हात थांबला. "मोर काढते की. लई छान दिसंल तुला."

"मोर समद्यांच्या तोंडावर हाय."

"वाघच कशाला पण?"

हर्षालीनं ओढणी सोडून मांडीवर ठेवली. "मी लई जवळनं बघितलाय. हितल्या कुणी बघितलाय का?"

कुशाबाईनं साळुबाईकडं पाहिलं. कुंडलिकचा शब्द कुशाबाईला आठवत होता, आणि तो का बोलला हेही तिला पटलेलं होतं. तरी तिनं भगव्याच्या वाटीत बोट बुडवलं.

"नाक काळं नका करू," हर्षाली डोळे मिटून म्हणाली. "गुलाबी असतं. आन् डोळ्याखाली पांढरं. मिशा खाली वाकलेल्या."

कुशाबाई तिच्या सांगण्याबरहुकूम रंगवत गेली. इतकी वर्षं ती पोरांना शिकवत आली होती, आज एक पोर तिला शिकवत होतं. ठिपके काढत ती व्रणापाशी आली आणि तो बुजवायला तिनं बोटावर जास्तीचा रंग घेतला. हर्षालीनं तिचं मनगट धरलं.

"तिथं नको. ते तसंच ऱ्हाऊ द्या."

तोंड पुरं झालं. हर्षाली उठून वळली आणि समोरची तीन वर्षांची श्रेया किंचाळून आईच्या पदरात शिरली. मांडवात गलका झाला. कुंडलिक माइक टाकून धावत आला.

"बाई, काय सांगितलं व्हतं मी? पुसा ते आधी!"

"नाय पुसणार."

"मंडळाचा कार्यक्रम हाय हा. माझं नाव हाय त्याला."

"मंग हर्षाली काय मंडळाबाहेरची हाय?"

"तसं नाय म्हणत मी. पण लोकं भ्यात्यात, बाई. तुमाला कळत नाय का?"

"वाघाला भ्यात्यात ते कळतं मला. मीबी भिते," कुशाबाई उभी राहिली. तिचा आवाज चढत गेला. "पण तुमी समदी वर्षभर या पोरीला भ्यालात, कुंडलिकभाऊ. तिनं कुणाला खाल्लं? ती जित्ती राहिली, एवढाच गुन्हा ना तिचा? आज पयल्यांदा तिनं तोंडावरनं फडकं काढलंय. ते मी पुन्हा झाकणार नाय."

कुंडलिकनं टेबलावरचं ओलं फडकं उचललं. तो हर्षालीकडं वळला तशी साळुबाई मध्ये आली.

"कुंडल्या, लावून बघ हात. कळशी अजून हाय माझ्यापाशी."

कुणीतरी मागं फिसकन हसलं. कुंडलिक लाल झाला. त्यानं फडकं टाकलं आणि माइकवरून जाहीर केलं की तोंडं रंगवायचा कार्यक्रम संपलेला आहे. आयांनी आपापली पोरं आवरली आणि त्या खुर्च्यांकडं निघून गेल्या.

रिकाम्या स्टुलावर साळुबाई येऊन बसली. "कुशे, माझंबी रंगव."

"आत्याबाई, तुमचं?"

"म्याबी जवळनंच बघितलाय की."

म्हातारीच्या सुरकुत्यांत काजळ पसरत होतं, ठिपके नीट बसत नव्हते. कुशाबाईनं तरी ते सावकाश, मन लावून काढले. मग आरसा उभा धरून स्वतःचंही तोंड रंगवलं. तिघी तशाच पुढच्या रांगेत जाऊन बसल्या आणि बक्षीस समारंभ संपेपर्यंत हलल्या नाहीत. काम करणाऱ्या सगळ्यांची नावं स्टेजवरून घेतली गेली. कुशाबाईचं नाव घेतलं नाही.

मध्येच श्रेया आईचा हात सोडवून हर्षालीपुढं येऊन उभी राहिली.

"तू चावतो?"

"नाय. आज पोट भरलंय," हर्षाली म्हणाली.

श्रेयानं एक बोट पुढं केलं, व्रणाला लावलं आणि खुदकन हसली. तिची आई पाहत होती, पण तिनं हाक मारली नाही.

आठवड्यानं जुन्नरच्या कचेरीत कुशाबाईविरुद्ध अर्ज गेला. अंगणवाडीची बाई मुलांना घाबरवते, असा त्यात मजकूर होता. पर्यवेक्षिका चौकशीला आल्या. कुशाबाईनं लेखी जबाब दिला: 'होय, मी वाघाचं तोंड रंगवलं. मुलांनी मागितलं तर पुन्हा रंगवीन.' पर्यवेक्षिकांनी कागद दोनदा वाचला, खालची ओळ खोडता का म्हणून विचारलं. कुशाबाई नाही म्हणाली. त्यांनी समज दिल्याचा शेरा मारला आणि चहा घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी मंडळानं तिला बोलावलं नाही. बालमेळाव्याला बाहेरगावचा जादूगार आणला. त्याच दुपारी कुशाबाईनं अंगणवाडीच्या ओट्यावर स्टूल मांडलं आणि वाट्या लावल्या. कुणी येईल अशी तिला फारशी आशा नव्हती. पहिली अर्धी घटका कुणी आलंही नाही. मग श्रेयाची आई लेकीला घेऊन आली, पाठोपाठ आणखी चार-पाच जणी आल्या. मांडवातला भोंगा जादूगाराचं नाव ओरडत होता. कुशाबाईनं पदर खोचला आणि त्याच्याहून मोठ्यानं विचारलं,

"हं, पयलं कोण बसतंय?"