पोकळ भिंतीवरचा पडदा

मारुतरावांच्या घरची रीत होती, लेक बाळ घेऊन माहेरी यायची तर तिच्या खोलीतली ठोकाठोकी बापानंच करायची. आज दुपारी अनिता येणार होती. बाळ आठव्या महिन्यातच जन्मलेलं, काचेच्या पेटीत राहून जगलेलं. डोळ्यांवर उजेड आला की ते दचकून उठायचं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, झोपेल तरच वजन धरेल. खोलीची खिडकी मात्र नेमकी पश्चिमेला, म्हणून तिला जाड पडदा लावायचा होता.

खोली गच्चीवर, जिप्समचे बोर्ड मारून काढलेली. "आबा, ही भिंत दगडी न्हाई. आतनं पोकळ हाय," सून नीलमनं सांगून पाहिलं.

पण ऐकतील ते मारुतराव कसले! उभ्या जन्मात त्यांनी भिंतीला विचारून खिळा मारला नव्हता. खिळ्याला धरायला बाभळीच्या लाकडाची गुट्टी तासली आणि घातला हातोडा. गुट्टी आत गेली ती गेलीच, तिच्यावर ठोकलेलं पडद्याच्या दांडीचं ब्रॅकेटही मुठीएवढा तुकडा घेऊन खाली आलं. भोकातून नुसता अंधार दिसत होता. हेच बाळावर पडलं असतं तर? मारुतरावांनी भोकात बोट घालून पाहिलं.

"आता दांडी कशाला धरंल ही? आत काय हायच न्हाई."

नीलमनं शिरूरहून आणलेला बोल्ट पुढं केला. त्याच्या टोकाला स्प्रिंगचे दोन पंख होते. "तुम्हीच बसवा. भोक जरा बाजूला पाडा, पंख मिटून आत घाला."

मारुतरावांनी बाजूला नवं भोक पाडलं, ब्रॅकेटमधून बोल्ट ओवला, पंख चिमटीत दाबून आत सरकवले. आत खट् झालं. बोटांना ते स्पष्ट कळलं.

"उघडलं का गं?"

"व्हय. आता आपल्याकडं ओढून धरा आन् आवळा."

त्यांनी आवळलं. ब्रॅकेट भिंतीला असं चिकटलं की हलवता हलेना. त्यांनी हातानं ओढून पाहिलं, मग अंगाचा भार टाकून. भिंत हूं की चूं करेना. जिथं धरायला काहीच नाही तिथंही काहीतरी धरून ठेवतं, हे मारुतरावांना पासष्टीत प्रथमच उमगत होतं.

बाकीचे बोल्ट त्यांनी देवाला फूल वाहावं तसे हळू बसवले.

अनिता आली तेव्हा उन्हं खिडकीत उतरली होती. बाळाचा चेहरा आक्रसला, ओठ थरथरले. तिनं झटक्यात पडदा ओढला. मारुतरावांचे हात आपसूक दांडीखाली गेले. दांडी हलली नाही.

खोलीत सावली झाली. बाळाच्या मुठी सैल पडल्या. बरगड्यांखालचा श्वास आधी भरभर चालला, मग संथ झाला. एवढ्याशा छातीत तो कशाच्या बळावर चालला होता, कोण जाणे.

"आबा, हात खाली घ्या की," अनिता कुजबुजली.

मारुतरावांनी हात खाली घेतले, आणि दोन्ही जोडले.