नळीचा दोष

बहारीनच्या मनामा शहरातल्या एका नेमबाजी क्लबात वसईचा इलायस बंदुका दुरुस्त करी. दुसरं कुठलं काम त्याला येतच नव्हतं. एका सभासदाने नवी रिव्हॉल्व्हर आणली. ती जुन्या घडणीची नक्कल होती, दर गोळीला घोडा अंगठ्याने ओढावा लागायचा. नळी आतून खरखरीत होती नि नेम चुकत होता. इलायसने आतले ओरखडे जाईपर्यंत नळी घासली. तरी त्याने झाडलेल्या गोळ्या कागदावर चहूकडे विखुरल्या.

"कारखान्यातच बिघडलीय ही," तो चिडून म्हणाला.

"बघू, इलायसभाऊ," म्हणत जोडीला काम करणाऱ्या विनीतने ती घेतली. त्याच्या सगळ्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. "नळी झकास केलीत की!" तो हसला.

इलायसने उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. इतके दिवस तो विचारणाऱ्यांना एसीच्या गारठ्याचं कारण सांगत आला होता.

"डॉक्टरला दाखवा, भाऊ."

"दाखवलंय," इलायस म्हणाला. "वाढतच जाणार म्हणाले."

क्लबच्या साहेबांना सांगायला जावं म्हणून तो अ‍ॅप्रन सोडू लागला. पाठीवरची गाठ सुटेना. शेवटी तो विनीतकडे पाठ करून उभा राहिला.